गालाच्या कडेवरचा उजेड

आलापल्लीहून भामरागडला जाणारा साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की पुलावर पाणी येते आणि गाव तुटते. तीसेक वर्षांपूर्वी अशाच एका पुरात मी तीन दिवस एका किराणा दुकानाच्या पडवीत अडकलो. तिथे भिंतीवर धुराने तपकिरी झालेले एक कॅलेंडर होते. तारखांची पाने केव्हाच संपलेली, वरची लक्ष्मी तेवढी उरलेली. कोपऱ्यात सही होती, मुळगावकर.

तीन दिवस तेच चित्र समोर होते. लक्ष्मीच्या कानापासून हनुवटीपर्यंत उजेडाची एक बारीक कड होती. समई तर पुढ्यात जळत होती. मग गालावर मागून हा उजेड कुठून पडला? त्या उजेडाचा माग काढण्यात माझी पुढची कितीतरी वर्षे गेली.

रघुवीर मुळगावकरांची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची गरज नाही. ‘रत्नप्रभा’ दिवाळी अंक त्यांचा, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळापहाडला चेहरा दिला तो त्यांनीच. त्यांच्या समोर उभे दीनानाथ दलाल. त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू केला. दोघेही गोव्याचे. ‘दलाल की मुळगावकर’ हा वाद घराघरांत रंगायचा. दलालांच्या बाजूचे म्हणायचे, रेषा बघा, ती बोलते. मुळगावकरांच्या बाजूचे म्हणायचे, त्वचा बघा, हात लावावासा वाटतो. चित्रकार म्हणून दलाल मोठे, असे माझे मत आहे. पण मला हवा होता तो उजेड दलालांकडे नव्हता. त्यांची बाई सपाट रंगांत आणि वळणदार रेषेत उभी राहते, तिला मागच्या दिव्याची गरज पडत नाही. मुळगावकरांनी मात्र एअरब्रशने रंगाचा फवारा मारून गाल असा गोल केला, की कड उजळल्याशिवाय तो पुरा झालाच नसता.

ही कड त्यांच्या आधी कोणी रंगवली, हे शोधताना मी एस. एम. पंडितांपाशी येऊन थांबलो. हे नाव आपल्याकडे जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही.

संबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म १९१६ साली गुलबर्ग्यात झाला. मुंबईत आले तेव्हा सिनेमाच्या जाहिरातीचे काम हाताने रंगवूनच व्हायचे. जून १९३८ मध्ये धोबीतलावाला मेट्रो उघडले. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने बांधलेले हे थिएटर तिचेच चित्रपट दाखवी. तिथल्या दर्शनी भागात लावायची शोकार्डे पंडितांनी रंगवली. त्यांचे वय तेव्हा विशीतले.

एमजीएमच्या नटनट्यांचे फोटो ही त्या काळातली स्वतंत्र कलाच होती. जॉर्ज हरेल आणि क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल हे तिचे उस्ताद. बुल यांनी ग्रेटा गार्बोला वर्षानुवर्षे टिपले. मुख्य दिवा चेहऱ्यावर, एक दिवा मागून केसांवर आणि गालाच्या कडेवर, बाकी अंधार. चेहरा अंधारातून कापून काढल्यासारखा पुढे येतो. ग्लॅमर म्हणून जे ओळखले गेले, त्याचा निम्मा भाग या मागच्या दिव्यात आहे.

फोटो काळे-पांढरे असत. शोकार्डाला रंग हवेत. मग सावलीचा रंग कोणता? पंडितांचे मोठेपण मला या प्रश्नाच्या उत्तरात दिसते. सावली त्यांनी काळी ठेवली नाही. उजेडाकडची त्वचा उबदार, सावलीत निळ्या-हिरव्या छटा, आणि शेवटी कडेवर एकच जाड, निःशंक फटकारा. पोस्टर कलर लवकर वाळतो आणि खालचा रंग झाकतो, म्हणून उजेड सगळ्यात शेवटी ठेवता येतो. चुकलात तर चित्र गेले. पंडितांचे फटकारे बघताना चुकण्याची भीती त्यांना शिवली असेल असे वाटत नाही.

हाच हात बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाच्या मुखपृष्ठांवर आला, मग राज कपूरच्या ‘बरसात’च्या पोस्टरवर. तोवर आपली नटीही त्या उजेडाला सरावली होती. पदवीधर लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तोवर तो मान परदेशी तारकांचा होता. पुढे पंडित पौराणिक चित्रांकडे वळले. नल-दमयंती आणि राधा-कृष्ण यांच्या गालांवर गार्बोचा दिवा पडला आणि कॅलेंडरांतून देशभर गेला. मुळगावकरांच्या देवींच्या मागे जो दिवा आहे, तो मला याच वाटेने आलेला दिसतो. भामरागडच्या त्या दुकानातली लक्ष्मी एमजीएमच्या उजेडात उभी होती.

एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. बाजाराच्या दिवशी त्या दुकानात माडिया आदिवासी बाया येत. गळ्यात मण्यांच्या माळांवर माळा, अंगावर गोंदण, केसांत कंगवे. शेजारच्या बस्तरात मुरिया तरुण आपल्या आवडत्या मुलीसाठी कोरीव कंगवे करत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनने १९४७ च्या त्याच्या घोटुलवरच्या, म्हणजे मुरियांच्या युवागृहावरच्या, ग्रंथात त्याबद्दल विस्ताराने लिहिले आहे. नटण्याची हौस या जंगलाला कोणी शिकवलेली नाही. तरी दिव्याची ती कड पडली फक्त गोऱ्या गालावर. या बायांचे जुने फोटो आहेत ते जमातींवरच्या पुस्तकांत, भर उन्हातले, खाली बहुतेक वेळा जमातीचे नाव, माणसाचे नाही. त्या बाया नटून उभ्या आहेत, याची दखल कोणी घेतली नाही. मी ते फोटो आता व्यक्तिचित्रे म्हणूनच पाहतो, आणि त्यांतली काही गार्बोच्या फोटोंशेजारी खुशाल टांगावीत अशी आहेत.

शोध घेताना सर्वांत मोठा धक्का बसला तो एका ग्रंथालयात. १९५० च्या दशकातले दिवाळी अंक मागवले. नीट बांधणी केलेले खंड आले, आणि एकालाही मुखपृष्ठ नव्हते. बांधणीच्या वेळी वेष्टन काढून टाकायचे, ही रीत. मजकूर सगळा शाबूत, चित्र तेवढे रद्दीत. शोकार्डांचे तर विचारूच नका. चित्रपट उतरला की त्यांचे काम संपायचे.

दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली, पंडित १९९३ साली. त्यांचे काम आता तुमच्या-आमच्या माळ्यांवर आहे. या दिवाळीत माळा आवराल तेव्हा जुन्या अंकाचे मुखपृष्ठ फाडू नका, सुटे झाले असेल तर चिकटपट्टी लावू नका. चित्रावर कोरा कागद ठेवून ते सपाट जपा आणि मागे पेन्सिलीने साल लिहा.