शिडीवरची कुंडी : पाणी झाडाला की डासांना?

पाणी उंचावर नेणे वणी परिसराला नवे नाही. कोजागरीला कावडीधारक नद्यांचे पाणी खांद्यावर घेऊन सप्तशृंगगड चढतात. पण कावड वर्षातून एकदा जाते. घराच्या वरच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलेल्या कुंडीला मात्र वैशाखात रोज पाणी लागते. तिथे जायला जिना नसतो, लोखंडी शिडी असते. पहिले आठ दिवस उत्साहाने बादली वर जाते, मग दिवसाआड, मग आठवड्याने. झाड वाळले की दोष उन्हाला दिला जातो.

जमिनीतले झाड ओलाव्याच्या शोधात मुळे खोल नेते. कुंडीतल्या झाडाला तेवढीच माती असते. ती वरून उन्हाने, खालून तापलेल्या स्लॅबने आणि चहूबाजूंनी वाऱ्याने सुकते. शिवाय पानांवाटेही पाणी बाहेर जात असते. त्यामुळे हात सहज पोहोचत नाही अशा जागेची कुंडी माणसाच्या फेऱ्यांवर सोडून चालत नाही. एखादी फेरी चुकली तरी निभावेल अशी सोय आधीच करावी लागते.

सर्वांत जुनी सोय म्हणजे मडके. झिलई किंवा रंग न लावलेले, सुगडाएवढे मडके मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचे आणि भरून ठेवायचे. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते. माती कोरडी असेल तर ती ओल जास्त खेचते, ओली असेल तर झिरपणे मंदावते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात ही रीत सांगितलेली आहे.

द्राक्षपट्ट्यात दुसरा उपाय हाताशीच असतो, तो म्हणजे ठिबक. टाकीच्या तळाशी कॉक, पुढे गाळणी, त्याला बारीक नळी आणि प्रत्येक कुंडीत एक ड्रिपर. टाकी फार उंच नसेल तर दाब कमी पडतो आणि ड्रिपरवर लिहिलेल्यापेक्षा बरेच कमी पाणी येते. म्हणून तासाभरात किती पाणी पडते ते आधी भांड्यात मोजून घ्यावे. कॉक खालून हाताला येईल असा बसवला, तर रोज शिडी चढायची गरज उरत नाही. मातीवर वाळक्या पाल्याचा थर द्यावा आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे ओल आणखी टिकते.

झाडही जागा पाहून निवडावे. कोरफड आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे दिवसाच्या उन्हात ती फार कमी पाणी गमावते. सदाफुली आणि बोगनवेलही थोडी हयगय सोसतात. वजन मात्र विसरू नये. १५ लिटर मातीची कुंडी भिजल्यावर २० किलोच्या वर सहज जाते. ती पत्र्यावर किंवा कठड्याच्या काठावर नको. वळवाच्या वादळात खाली कोसळली तर कुणाच्या तरी डोक्यावर पडेल.

आता ताटली. झाड सुकू नये म्हणून कुंडीखाली ताटली ठेवून ती भरण्याची सवय अनेकांना असते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला एवढे साचलेले पाणी पुरते. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही. ताटली घासावी लागते.

खरी मेख पावसाळ्यात आहे. उन्हाळ्यात पाणी घालण्याच्या निमित्ताने तरी कुणी वर जाते. पाऊस सुरू झाला की झाडाची काळजी मिटते आणि शिडीकडे कुणी फिरकत नाही. नेमके तेव्हा ताटल्या भरतात, रिकाम्या कुंड्या आणि उलटायच्या राहिलेल्या बादल्या तुंबतात. खाली अंगणात आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणाऱ्या घरातही वरचा स्लॅब तसाच राहतो. एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणीही फारशी कामी येत नाही.

म्हणून शिडीवरच्या कुंडीसाठी नियम एकच : पाणी मातीत असावे, नाहीतर झाकणाखाली. मडक्याच्या तोंडाला दाट विणीचे कापड बांधून वर पणती पालथी घालावी. टाकीचे झाकण घट्ट असावे. पहिल्या वळवाबरोबर ताटल्या खाली आणून घासाव्यात आणि पावसाळा संपेपर्यंत खालीच ठेवाव्यात. मडकीही काढून, घासून पालथी घालावीत. त्यानंतर आठवड्यातून एकदा, पाऊस थांबलेला असताना आणि खाली कुणीतरी शिडी धरलेली असताना, वर जाऊन नजर टाकावी. या फेरीत हातात बादली लागत नाही, घासायचा ब्रश पुरतो.