पायांचीही बचत लागते!



ज्येष्ठ लागला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, "यंदा वारीला कोण कोण?" मग पाच-सहा हात वर होतात. सराव करूया म्हटलं की लगेच उत्तर येतं, "अगं, आपण दिवसभर रानातच असतो, आपल्याला कसला सराव?"

गेल्या वर्षी आम्ही पाच जणी निघालो, तेव्हा आम्हीही हेच म्हणालो होतो. आमच्यातली एक ताई सासवडहून एसटीने घरी परतली. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली नवी चप्पल तिच्या पायात होती. हडपसरलाच टाच जळजळत होती, पण "माझ्यापायी सगळ्या कशाला थांबायच्या" म्हणून ती बोलली नाही. दिवे घाट चढून गेल्यावर चप्पल काढली, तर दोन्ही टाचांची सालटं निघालेली. ती कमी पडली असं आम्ही आधी म्हणालो. खरं तर गट कमी पडला. म्हणून हा लेख.

रानातलं काम आणि वारीचं चालणं वेगळं कसं? खुरपताना आपण बसतो, उठतो, वाकतो, मध्ये पाणी प्यायला थांबतो आणि पायाखाली मऊ माती असते. वारीत कडक डांबरी रस्ता, खांद्यावर पिशवी आणि तासन् तास तीच एक हालचाल. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर आहे. त्यात पुणे-सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, वर घाटाची चढण. आणि आज चाललं की उद्या पुन्हा चालायचंच असतं. तळपायाची कातडी, पोटऱ्या आणि गुडघे यांना सवय हळूहळूच लागते. बचतीसारखंच आहे हे. शेवटच्या दिवशी एकदम हजार रुपये भरता येत नाहीत, आठवड्याला थोडे थोडेच साठतात.

आठ आठवड्यांचा हिशोब

निघायच्या आठ आठवडे आधी सुरुवात करा. उन्हाचे दिवस असतात, म्हणून पहाटेच चाला. आठवड्यातून तीन दिवस अर्धा ते पाऊण तास, आणि एक दिवस लांबचा. लांबच्या दिवसासाठी आठवडी बाजार बरा. जाताना वडाप सोडून पायी जा, येताना ओझं असेल तर गाडीने या.

लांबच्या दिवसाचं अंतर असं वाढवा: पहिल्या आठवड्यात ४ किलोमीटर, मग ६, मग ८. चौथ्या आठवड्यात पुन्हा ६, म्हणजे अंगाला विसावा मिळतो. पुढे १०, १३, १६. शेवटच्या आठवड्यात फक्त ५. सातव्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस चाला. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी कसं उठायचं, हे तेव्हाच कळतं.

वेग किती ठेवायचा? चालता चालता ओवी म्हणता आली पाहिजे. दम लागून ओवी तुटली, तर पाय आवरा.

पायांची काळजी

फोड येतो तो घासण्याने आणि ओलाव्याने. चप्पल किंवा बूट महिनाभर आधी घ्या आणि सरावात तेच वापरा. चालून पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, थोडे सैल बघून घ्या. नखं सरळ कापा. मोजे भिजले की बदला. जळजळ सुरू झाली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, "पुढच्या मुक्कामाला बघू" म्हणू नका. फोड आलाच तर फोडू नका. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि स्वच्छ पट्टी बांधा. मांड्या घासत असतील तर आत सुती अर्धी पँट घाला आणि थोडं खोबरेल लावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

जिला साखर आहे, तिच्या पायाला जखम झालेली कळतच नाही असं होऊ शकतं. तिने अनवाणी चालू नये आणि रोज संध्याकाळी मैत्रिणीकडून तळपाय तपासून घ्यावेत. तिने, आणि बीपी किंवा दम्याची गोळी चालू असलेल्या बाईनेही, सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पाणी आणि रक्त

बायका वाटेत पाणी पीत नाहीत. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आडोसा मिळत नाही. पण त्याने चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते. घोट घोट पाणी पीत राहा. आडोशाला जाताना दोघी जा, एक जण चादर धरेल. घाम फार गेला, जुलाब झाले, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्या.

आशाताईंना विचारून हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, मग चालताना लवकर धाप लागते. गोळ्या दिल्या तर लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.

पाय दुखून रात्रीत उतरले तर काळजी नाही. एकच पाय सुजला, गुडघ्यात कळ आली तर थांबा आणि दाखवा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच १०८ ला फोन करा.

गटाने काय करायचं

पहिला नियम: सगळ्यात हळू चालणारीच्या वेगाने सगळ्या चालतील. तिला पुढे ठेवा, मागे नको. दुसरा: जोड्या करा. दर विसाव्याला जोडीदारणीला विचारायचं, "पाय कसे आहेत?" आणि खरं उत्तर द्यायचं. तिसरा: घरच्यांचे फोन नंबर चिठ्ठीवर लिहून प्रत्येकीच्या पिशवीत ठेवा. कर्जाचा हप्ता आधी भरून इतिवृत्तात नोंद करा.

आणि ज्या जाऊ शकत नाहीत त्यांचं काय? पेरणीचे दिवस असतात, कुणाचे गुडघे साथ देत नाहीत. त्यांनी जाणारीच्या म्हशीची धार काढली, तिच्या लेकरांना दोन वेळा जेवू घातलं, तर वारीत त्यांचाही वाटा झाला.

अजून एक करता येईल. घरच्यांना, भावकीला सांगा, आमच्या लांबच्या दिवसांच्या दर किलोमीटरला १ रुपया द्या. वरच्या हिशोबाने आठ आठवड्यांत ६८ किलोमीटर होतात. दहा जणी चालल्या आणि प्रत्येकीमागे एकानेच दिले, तरी ६८० रुपये जमतात. त्यातून औषधाची पेटी भरा. उरलेले पैसे गावातल्या एखाद्या गरजू मुलीच्या वह्या-पुस्तकांना द्या. हिशोब मात्र गटाच्या वहीत लिहा.

आमची ती ताई यंदा परत निघाली आहे. जुनी, रुळलेली चप्पल घालून रोज पहाटे पाचला ती आमच्या दारात हाक मारते. मागच्या आठवड्यात तिसऱ्या किलोमीटरला तीच म्हणाली, "थांबा गं, टाच जळतेय." आम्ही सगळ्या थांबलो. पट्टी लावली आणि पुढे निघालो.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. पहिले ४ किलोमीटर कुठल्या दिवशी, ते तिथेच ठरवा.