६१७४ : सगळ्या वजाबाक्या इथेच येऊन का थांबतात?

६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तिचा गुणधर्म शोधला आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले.

कृती काय आहे?

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडा. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. उत्तरात चारपेक्षा कमी अंक आले, तर डावीकडे शून्य लावून चार पूर्ण करा.

उदाहरणार्थ, धानोरा तालुका ज्या जिल्ह्यात आहे तो गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. तेच साल घेऊ:

९८२१ − १२८९ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

आता पुढे कितीही वेळा करा, उत्तर बदलत नाही. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते.

असे का होते?

सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक ‘प’ माना, मधल्या दोन अंकांतला ‘फ’. वजाबाकीचे उत्तर नेहमी (९९९ × प) + (९० × फ) इतके असते. १९८२ मध्ये प = ८, फ = ६; म्हणून ७९९२ + ५४० = ८५३२.

प १ ते ९ असू शकतो आणि फ कधीच प पेक्षा मोठा नसतो. अशा जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे ०००१ ते ९९९८ मधल्या, सारखे अंक वगळून उरणाऱ्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात. इतक्या थोड्या उत्तरांत फिरताना आधीचे एखादे उत्तर परत येणारच.

पण परत येणे म्हणजे थांबणे नव्हे. दोन अंकी संख्यांत ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरतच राहते. चार अंकांत मात्र प = ६, फ = २ ही जोडी ६१७४ देते आणि ६१७४ च्या अंकांतून पुन्हा तीच जोडी मिळते. उरलेली ५३ उत्तरे एकेक करून तपासली, की तीही इथेच पोहोचतात. हीच सिद्धता. यात शुभ-अशुभ काही नाही.

आणखी एक गुण

६ + १ + ७ + ४ = १८, आणि ६१७४ ला १८ ने पूर्ण भाग जातो; भागाकार ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद संख्या’ हे नाव कापरेकरांनीच दिले.

स्वतः सिद्ध करून पाहा

तीन अंकी संख्यांत हाच मान ४९५ कडे जातो. तिथे उत्तर नेहमी ९९ × (मोठा अंक − लहान अंक) असते, म्हणून तपासायची उत्तरे केवळ नऊ. एवढे काम शाळकरी मुलांनाही पाटीवर करता येईल, आणि ती पूर्ण सिद्धता असेल.