बाटलीची उशी, बॅटरीची बॅटरी

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीत रामनवमीची यात्रा भरते, तेव्हा पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांनाही भाव असतो. भंगारातून पुढे गेलेल्या पेट बाटल्यांचा चुरा होतो, तो वितळवून पॉलिएस्टरचा धागा निघतो. उशीतला कापूसही त्याचाच असतो. कपाशीच्या मुलखात हे जरा गमतीचेच! ही ‘खुली साखळी’, म्हणजे ओपन लूप. बाटलीची वस्तू झाली, पण पुन्हा बाटली झाली नाही. धागा सुतात मिसळला की वेगळा काढणेही अवघड.

‘बंद साखळी’ पाहायची तर इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. जुनी परत दिली की दुकानदार नवीच्या किमतीत सूट देतो. तिच्यातले शिसे वितळवून शुद्ध केले, की पुन्हा बॅटरीतच जाते. जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन 2001च्या नियमांपासून आहे. मात्र परवान्याशिवाय चालणाऱ्या भट्टीत हेच शिसे हवेत आणि मातीत उतरते, त्यामुळे साखळी बंद असली तरी ती निर्धोक असतेच असे नाही.

बाटलीची बाटली करण्याचा रेटा आता कायद्यातूनही आला आहे. 2022च्या सुधारित नियमांनी कडक प्लास्टिक वेष्टनात 2025-26साठी 30 टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचे लक्ष्य ठरवले.