कॅथलिक प्राथमिक शाळेतील ईस्टरची तयारी: सण, शाळेचे वर्ष आणि समुदाय

प्रस्तावना

मार्च आणि एप्रिल महिन्यांत भारतातील कॅथलिक प्राथमिक शाळेत दोन तयाऱ्या शेजारीशेजारी चालू असतात. एक वार्षिक परीक्षेची आणि दुसरी ईस्टरची. परीक्षेची तारीख शिक्षण विभाग ठरवतो, ईस्टरची तारीख चर्चच्या शतकानुशतकांच्या नियमाने ठरते. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नसतो. त्यांचा मेळ घालण्याचे काम मात्र शाळेतल्या माणसांवर येते.

या टिपणात आपण चार प्रश्न पाहू. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? सणाच्या तयारीत नेमके काय येते? शाळेचे वर्ष संपण्याच्या वेळेशी या तयारीचा काय संबंध आहे? आणि शाळेतल्या कॅथलिक नसलेल्या मुलांचे काय? उदाहरणे मुख्यतः वसईच्या मराठीभाषक कॅथलिक समाजातून आणि तुलनेसाठी म्हैसूरमधून घेतली आहेत.

टिपणाचे सूत्र असे: तयारीचा भार शाळा, चर्च आणि घर यांपैकी कोणावर किती पडतो, हे त्या वर्षीच्या वेळापत्रकावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून धर्म आणि शिक्षण यांचा अभ्यास करताना कॅलेंडरही वाचावे लागते.

१. ईस्टरची तारीख

ख्रिसमस सूर्याच्या कॅलेंडरवर बसवलेला असल्यामुळे २५ डिसेंबरला येतो. ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. ही घटना यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत घडली असे बायबल सांगते, आणि वल्हांडण पौर्णिमेशी जोडलेला आहे. त्यामुळे ईस्टरला सूर्य आणि चंद्र दोन्ही लागतात. अधिक महिना धरून सण ठरवणाऱ्या आपल्या पंचांगाची सवय असलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही.

नियम असा: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्या. त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार धरा. या नियमाने ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. तो सर्वांनी एकाच रविवारी पाळावा, हे इ. स. ३२५ मधील निकेया येथील धर्मपरिषदेत ठरले. आज कॅथलिक चर्च वापरते ती गणना १५८२ च्या ग्रेगरियन सुधारणेनंतरची आहे.

उदाहरणे पाहा.

२०२४: पौर्णिमा २५ मार्च (होळीची), ईस्टर ३१ मार्च.
२०२५: पौर्णिमा रविवारी, १३ एप्रिलला, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी, २० एप्रिल.
२०२६: पौर्णिमा २ एप्रिल (हनुमान जयंतीची), ईस्टर ५ एप्रिल.
२०२७: पौर्णिमा २२ मार्च, ईस्टर २८ मार्च.

म्हणजे ईस्टरच्या आधीची पौर्णिमा साधारणपणे फाल्गुनाची किंवा चैत्राची असते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. चर्च आकाशातली पौर्णिमा न घेता कोष्टकातली पौर्णिमा घेते. २०१९ मध्ये वसंतसंपात २० मार्चला झाला आणि त्यानंतर काही तासांतच, २१ मार्चला, पौर्णिमा आली. आकाश पाहून मोजले असते तर ईस्टर २४ मार्चला आला असता. कोष्टकाप्रमाणे पौर्णिमा १८ एप्रिलला धरली गेली आणि ईस्टर २१ एप्रिलला झाला. जवळजवळ महिन्याचा हा फरक शाळेच्या दृष्टीने मोठा असतो.

२. तयारीचे स्वरूप

ईस्टरची तयारी ४६ दिवस आधी राखेच्या बुधवारी सुरू होते. मधले सहा रविवार वगळले की उपवासकाळाचे चाळीस दिवस उरतात. राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करण्याची प्रथा आहे. २०२६ मध्ये हा बुधवार १८ फेब्रुवारीला होता, २०२५ मध्ये ५ मार्चला.

मुले उपाशी राहतात का, असा प्रश्न वर्गात नेहमी विचारला जातो. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि उपवासाचा नियम १८ वर्षांनंतर. प्राथमिक शाळेतले सहा ते दहा वर्षांचे मूल या दोन्हींतून मोकळे असते. त्याच्याकडून अपेक्षा असते ती लहानशा त्यागाची: गोळ्या-चॉकलेटचे पैसे बाजूला ठेवणे, भांडण मिटवणे, घरातल्या आजारी माणसाजवळ बसणे. वाचवलेले पैसे दानपेटीत जातात. कॅरिटास इंडिया ही कॅथलिक संस्था उपवासकाळात देशभर मदतनिधीची मोहीम चालवते.

दर शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती असते. येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांसमोर क्रमाने थांबून प्रार्थना करायची. लहान मुलांना ती लवकर समजते, कारण ती चालत चालत करायची असते. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलेली मुले सणाआधी पापनिवेदनालाही जातात.

शेवटचा आठवडा पवित्र आठवडा. त्याची दिवसवार मांडणी अशी:

झावळ्यांचा रविवार: येशूच्या येरुशलेम प्रवेशाची आठवण. लोक हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये जातात.

आज्ञा गुरुवार: येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. संध्याकाळच्या मिस्सात धर्मगुरू लोकांचे पाय धुतात. यात स्त्रियांनाही घेता येईल, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये केला.

गुड फ्रायडे: वर्षभरातला हा असा दिवस, की ज्या दिवशी मिस्सा होत नाही. दुःखसहनाचे वाचन आणि क्रुसाचे वंदन होते.

पवित्र शनिवार: दिवसभर शांतता. अंधार पडल्यावर पास्काचे जागरण. नवा अग्नी, त्यावर पेटवलेली पास्का मेणबत्ती आणि त्या ज्योतीवरून लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या.

ईस्टर रविवार: आनंदाचा दिवस. मुंबई-गोव्याकडे मार्झिपानची अंडी याच दिवसाची.

३. शाळेचे वर्ष कुठे संपते?

आता हा आठवडा शाळेच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. सार्वजनिक सुटी गुड फ्रायडेची असते. गुरुवार आणि शनिवार हे सरकारी दृष्टीने कामाचे दिवस आहेत, ईस्टरनंतरचा सोमवारही.

महाराष्ट्रात राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष साधारण जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत चालते आणि १ मेच्या सुमारास निकाल लागतो. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवण्यात आल्या. त्या वर्षी पवित्र आठवडा १३ ते २० एप्रिल असा होता, म्हणजे पूर्णपणे परीक्षेच्या आत.

याचा अर्थ घरात काय होतो, ते नीट मांडून पाहा. गुरुवारी दिवसा शाळा, संध्याकाळी लांब चालणारा मिस्सा. शनिवारी रात्री जागरण, रविवारी पाहुणे, सोमवारी पुन्हा अभ्यास. चौथीतल्या मुलीची आई तिला जागरणाला न्यावे की लवकर झोपवावे, हे ठरवत असते. वर्गशिक्षिका स्वतः कॅथलिक असेल तर तिची ओढाताण दुहेरी. गायनमंडळाचा सराव तिच्याकडे आणि तपासायच्या उत्तरपत्रिकाही तिच्याकडेच. वेळापत्रक शाळेच्या हाती असते तेव्हा मुख्याध्यापक अशा दिवसांवर तोंडी परीक्षा, चित्रकला किंवा कार्यानुभव ठेवू शकतात. वेळापत्रक राज्यभर एकच झाले की ही मोकळीक कमी होते. एकसमान वेळापत्रकामागे शाळा वर्षअखेरपर्यंत भराव्यात हा हेतू असतो, आणि तो रास्तही आहे. पण एकसमानतेचा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोंदवायला हवे.

म्हैसूरकडे पाहिले की चित्र बदलते. कर्नाटकात राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांची उन्हाळी सुटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू होते. जयलक्ष्मीपुरम ही शहरातली शाळा-महाविद्यालयांची वस्ती. अशा ठिकाणच्या कॅथलिक प्राथमिक शाळेच्या दृष्टीने २०२४ चा ईस्टर (३१ मार्च) सत्राच्या शेवटच्या दिवसांत येतो. शाळाच सणाची जागा होऊ शकते: परिपाठात नाटुकले, वर्गात शुभेच्छापत्रे, निरोपाचा आणि सणाचा एकच कार्यक्रम. २०२५ चा ईस्टर (२० एप्रिल) मात्र सुटी लागल्यावर येतो. वर्ग रिकामे, मुले आजोळी. तयारीचा भार धर्मग्रामावर, म्हणजे स्थानिक चर्चवर, आणि घरावर जातो. सण तोच, श्रद्धा तीच. बदलली ती जबाबदारीची वाटणी.

कधी तिसरेही वेळापत्रक मध्ये येते. २०१९ मध्ये म्हैसूर लोकसभा मतदारसंघात १८ एप्रिलला मतदान झाले. तो आज्ञा गुरुवार होता. आपल्याकडे मतदान केंद्रे मोठ्या प्रमाणावर शाळांच्या इमारतींत असतात, हे लक्षात घ्या. त्याच महिन्यात दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथील गुड फ्रायडेच्या सक्तीच्या सुटीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने सुटी जाहीर करण्याचा आदेश दिला. लहान समाजाच्या दृष्टीने सुटीची यादी हा किरकोळ विषय नसतो. आपला सण सार्वजनिक जीवनात मोजला जातो की नाही, याचा तो पुरावा असतो.

४. शाळेतला समुदाय कोणता?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोकसंख्या २.३ टक्के आहे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी कॅथलिक शाळेत इतर धर्मांची मुले मोठ्या संख्येने असतात. मग ‘शाळेची ईस्टरची तयारी’ या शब्दांत कोण येते?

राज्यघटनेतील दोन तरतुदी एकत्र वाचा. अनुच्छेद ३०(१) नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. अनुच्छेद २८(३) नुसार राज्याची मान्यता किंवा आर्थिक साहाय्य असलेल्या संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. पहिली तरतूद शाळेला तिचे वेगळेपण देते, दुसरी प्रत्येक मुलाला त्याचे स्वातंत्र्य देते.

व्यवहारात यातून दोन वर्तुळे तयार होतात. आतल्या वर्तुळात कॅथलिक मुलांचे धर्मशिक्षण, पापनिवेदन, मिस्सा. त्या तासाला इतर मुलांना मूल्यशिक्षण असते. बाहेरच्या वर्तुळात सर्वांना सामील होता येईल अशा गोष्टी: सणाची गोष्ट ऐकणे, दानपेटी, वृद्धाश्रमाला भेट, सजावट. वाद उद्भवतात ते बहुधा या दोन वर्तुळांमधली रेषा पुसट झाल्यावर. क्रुसाच्या वाटेला सगळ्या वर्गाला न विचारता नेणे आणि दानपेटीत पैसे टाकायला सगळ्या वर्गाला बोलावणे, या दोन कृती कायद्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत. चांगली शाळा ही रेषा पालकसभेत आधीच स्पष्ट करते.

५. भाषेची बाजू

वसईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांची सत्ता होती. इथल्या कॅथलिक समाजाची मुळे त्या काळात जातात, पण त्याच्या घरच्या बोली सामवेदी, वाडवळी अशा आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) उपासना लोकभाषांत येऊ लागली आणि वसईत ती मराठीत रुजली. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला.

मराठीत येशूची कथा सांगण्याची परंपरा त्याहून बरीच जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. आज मात्र इंग्रजी माध्यमात शिकणारे वसईचे मूल घरी एक बोली बोलते, चर्चमध्ये प्रमाण मराठी ऐकते आणि शाळेत इंग्रजी वाचते. पवित्र आठवड्यातली दीर्घ वाचने त्याला कानाने कळतात, पण डोळ्यांनी वाचताना अडखळतात. अशा वेळी आजी-आजोबांबरोबर म्हटलेली प्रार्थना हेच त्याचे मराठीचे पाठ्यपुस्तक ठरते. तयारीचा भार घरावर जाण्याचा हा दुसरा अर्थ.

समारोप

ईस्टर चंद्राप्रमाणे सरकतो, शाळेचे वर्ष प्रशासनाप्रमाणे संपते. दोन्ही जुळली तर शाळा सणाचे केंद्र होते. शाळा आधी संपली तर चर्च आणि घर ते काम उचलतात. परीक्षा मध्ये आली तर मुले, आई-वडील आणि शिक्षक आपापल्या परीने वाट काढतात. या तडजोडी कोणत्याही परिपत्रकात दिसत नाहीत, पण समुदाय टिकतो तो त्यांच्यावरच.

स्वाध्याय

१. २०२८ मध्ये कोष्टकातील पौर्णिमा सोमवारी, १० एप्रिलला आहे. ईस्टर आणि राखेचा बुधवार कधी येतील? (उत्तर: १६ एप्रिल आणि १ मार्च.)
२. तुमच्या राज्यातील शाळांच्या उन्हाळी सुटीची तारीख घ्या आणि २०२४ ते २०२७ चे ईस्टर तिच्या आधी की नंतर येतात ते मांडा.
३. अनुच्छेद २८(३) आणि ३०(१) यांतील समतोल एका शालेय उपक्रमाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. ईद किंवा बुद्धपौर्णिमा घेऊन असाच अभ्यास करा. चंद्रावर ठरणारा सण आणि शाळेचे वेळापत्रक यांची गाठ तुमच्या गावात कोण सोडवते?