‘चालवून घे’ इथे चालत नाही!

परदेशात शिकायला जायचं ठरलं की घरात दोन याद्या तयार होतात. एक आईची: गोडा मसाला, कुकर, भाजणी. दुसरी आपली: व्हिसा, फॉरेक्स, जाडजूड जॅकेट. राहायचं कुठे आणि कुणाबरोबर, हा विषय मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून ढकलला जातो. मंडळी, जर्मनीला निघाला असाल तर हा विषय सगळ्यात वर आणा!

तिथे शेअर्ड फ्लॅटला म्हणतात ‘वेगे’. नाव वेगे, पण मिळते मात्र अगदी सावकाश. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं आणि सगळी पब्लिक एकदमच खोल्या शोधायला लागते. स्टुडंट हॉस्टेल्स स्वस्त, पण तिथे वेटिंग लिस्ट. मग उरतं ‘वेगे-कास्टिंग’. म्हणजे चक्क कांदेपोहे, फक्त पोहे सोडून! आधीपासून राहणारे किचनमध्ये बसवून विचारतात, स्वयंपाक करतेस का? पार्ट्या आवडतात का? साफसफाईचं काय? मी आखेनमध्ये असे सहा कार्यक्रम केले, सातव्या घरी पसंत पडले.

पसंती झाली की देण्याघेण्याची बोलणी. भाडं ‘काल्ट’ की ‘वार्म’, हे आधी विचारा. काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं. वार्ममध्ये हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं असतं; वीज आणि इंटरनेट बऱ्याचदा वेगळं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढं. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. म्हणजे हातात महिन्याला ९९२ युरो. भाडं त्यातूनच जाणार, तेव्हा हिशेब आधीच मांडा.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. २०१५ पासून त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. ही नोंदणी अडली की रेसिडेन्स परमिटपर्यंत पुढची कामं अडायला लागतात. पत्र द्यायला टाळाटाळ करणारा घरमालक कितीही गोड बोलला, तरी त्याला लांबूनच नमस्कार!

आता खरी गंमत. आम्ही तिघं. एक जर्मन मुलगा, एक स्पॅनिश मुलगी आणि मी. फ्रिजवर ‘पुट्सप्लान’, म्हणजे कुणी कधी काय साफ करायचं त्याचा तक्ता. कागद, प्लास्टिक, ओला कचरा, उरलेला कचरा, सगळ्यांचे डबे वेगळे. रात्री दहानंतर शांतता. हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडलं. अडलं ते फोडणीपाशी.

एका संध्याकाळी जर्मन फ्लॅटमेट शांतपणे म्हणाला, ‘तुझ्या स्वयंपाकाचा वास माझ्या कोटाला लागतो.’ बस्स! जेवण घशाखाली उतरेना. दोन दिवस मी ब्रेडवर काढले. घर सोडावं, असंही मनात आलं. पण नोटीस तीन महिन्यांची, डिपॉझिट अडकलेलं, बाहेर जानेवारी आणि पुन्हा तेच कांदेपोहे...

तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला. म्हटलं, फोडणी बंद होणार नाही. आणि मी जेवत असताना तू खिडक्या सताड उघडतोस, तेव्हा मी गारठते. त्याला राग आला नाही, उलट हायसं वाटलं! भिंतींना बुरशी धरू नये म्हणून थंडीतही थोडा वेळ खिडक्या उघडायच्याच असतात, हे त्याने समजावलं. ठरलं असं, फोडणीच्या वेळी किचनचं दार बंद, खिडकी उघडी, कोट त्याच्या खोलीत. आणि माझं ताट वाढलेलं असेल, तर खिडकी बंद.

आपल्या घरांत ‘चालवून घे’ हा संस्कार. न बोलता सांभाळून घेणारा तो शहाणा. माझ्या वेगेत गप्प राहण्याचा अर्थ एकच होता, हिला सगळं पसंत आहे! त्याने वासाबद्दल सांगितलं ते भांडायला नव्हतं. यापुढेही एकत्र राहायचं होतं म्हणून सांगितलं होतं.

तेव्हा कुकर, मसाला जरूर न्या. सोबत एक वाक्य जर्मनमध्ये पाठ करून न्या: ‘मला याचा त्रास होतो, काय करूया?’ कस्टमवाले अडवणार नाहीत, आणि बॅगेचं वजनही वाढणार नाही!