नोकरी, संसार आणि परिचारिका-शिक्षण : तासांचा ताळेबंद

संस्थेचा आर्थिक ताळेबंद या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. येथे आम्ही सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांचे लक्ष एका निराळ्या हिशेबाकडे वेधू इच्छितो. तो रुपयांचा नसून तासांचा आहे.

ए.एन.एम. म्हणून सेवेत असलेल्या ज्या भगिनी पुढे जी.एन.एम. पदविका घेऊ इच्छितात, त्या बहुधा विवाहित असतात आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यांच्या पगारावर चालतो. ए.एन.एम. झालेल्या उमेदवारांस या अभ्यासक्रमासाठी कमाल वयाची अट नाही, ही जमेची बाजू होय. मात्र “नोकरी सांभाळून शिका” हा त्यांना सहज दिला जाणारा सल्ला कितपत व्यवहार्य आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१५ साली सुधारलेला हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व पूर्णवेळ आहे. तात्त्विक विषयांस किमान ८० टक्के उपस्थिती लागते. प्रात्यक्षिकांची तर १०० टक्के पूर्ण केल्याखेरीज पदविका मिळत नाही. हा नियम रास्तच आहे. औषधाची मात्रा मोजणे, प्रसूतीच्या वेळी मातेला धीर देणे, रुग्णाच्या श्वासातील बदल ओळखणे ही कामे रुग्णाच्या खाटेजवळच शिकावी लागतात.

आता हिशेब पाहू. आठवड्याचे तास १६८. पैकी नोकरीचे ४८, शिक्षणाचे सुमारे ४० आणि रोज सात तासांप्रमाणे झोपेचे ४९, असे १३७ तास खर्ची पडतात. उरलेल्या ३१ तासांत, म्हणजे दिवसाला साडेचार तासांहूनही कमी वेळात, प्रवास, स्वयंपाक, मुले, वडीलधारी माणसे आणि स्वतःचे वाचन बसवावयाचे. कागदावर हा मेळ बसतो. प्रत्यक्षात रात्रपाळी संपवून सकाळी वर्गात बसणाऱ्या स्त्रीची झोप भरून निघत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांतील फरक थकलेल्या डोळ्यांना चटकन कळत नाही. म्हणजे ही तूट अखेरीस रुग्णाच्याच नावे पडते.

शिक्षणाचे तास कमी होणे नाही. तेव्हा भार हलका करावयाचा तो नोकरीचा आणि घरचा. म्हणून शिक्षणकाळात अभ्यासरजा, अर्धे वेतन व पदाची हमी द्यावी आणि काम घ्यावयाचे तर केवळ सुट्टीच्या दिवसांत, रात्रपाळीविना, असे आमचे धोरण आहे. प्रवेशापूर्वी पती व सासूबाई यांना बोलावून तीन वर्षांत घरातील कोणते काम कोण करील, हेही आम्ही विचारतो. या एका बैठकीने पुढील पुष्कळ कुरबुरी टळतात.

शिकून ती अन्यत्र गेली तर, असा प्रश्न विश्वस्त मंडळात दरवर्षी निघतो. तो गैरवाजवी नाही. तथापि मूळ प्रमाणपत्रे अडकवून माणसे टिकविण्याची रीत आम्हांस मान्य नाही. ज्यांचे घर, मुलांची शाळा व नातीगोती याच गावात आहेत, त्यांना येथेच राहण्याचे कारण पुरेसे असते. आणि एखादी गेलीच, तरी कोठल्यातरी रुग्णास एक शिकलेली परिचारिका लाभेल. धर्मादाय संस्थेने हा खर्च बुडीत खाती मांडू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.